तीन वॉर्ड आणि एक गाठ

आमच्या वाकडच्या इमारतीतली लिफ्ट हाच सध्या माझा दवाखाना आहे. मी अकराव्या मजल्यावर मुलीकडे राहते आणि नर्स म्हणून निवृत्त झाले आहे, ही बातमी पसरल्यापासून मला निवांतपणे खाली जाता आलेलं नाही. कुणी रिपोर्ट दाखवतं, कुणी जीभ. मागच्या महिन्यात सातव्या मजल्यावर एक बाई आत आल्या आणि दार बंद व्हायच्या आत म्हणाल्या, "काकू, सासऱ्यांना आयसीयूतून पॅलिएटिव्हला हलवू या म्हणतायत. म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असंच ना?"

मी तोंड उघडेपर्यंत तळमजला आला. त्यांची कॅब थांबली होती. त्या गेल्या आणि उत्तर माझ्याकडेच राहिलं.

खरं सांगायचं तर सात मजल्यांत मावणारं ते उत्तर नव्हतं. मला स्वतःला ते कळायला नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं लागली. एवढं करून ते मी शिकले ते कुठल्या पुस्तकातून नाही, ज्याचे हात मी बांधले होते अशा एका पेशंटकडून.

माझं बालपण पिंपरीच्या कामगार वस्तीतलं. वडील कंपनीत पाळीनं कामाला होते, त्यामुळे दिवसाचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागात घरातलं कुणीतरी झोपलेलं असतं, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. नर्सिंगला गेले तेव्हा मैत्रिणी ड्युट्यांना रडायच्या, मला मात्र घरीच असल्यासारखं वाटायचं. नोकरीही जवळच लागली, औद्योगिक पट्ट्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात. आधी कॅज्युअल्टी, मग आयसीयू आणि शेवटी पाठीमागच्या इमारतीतला पॅलिएटिव्हचा एक लहान वॉर्ड. त्याच्या पाटीवर 'वेदनाशमन व साहाय्य कक्ष' असं भारदस्त नाव होतं. ते कुणी वाचत नसे. सगळे 'पाठीमागचा वॉर्ड' म्हणत आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत.

कॅज्युअल्टी समजायला सोपी. माणूस आत येतो तो काहीतरी घडून येतो. श्वास चालू आहे का, रक्त थांबतंय का, शुद्ध आहे का, एवढं आधी बघायचं. आडनाव, गाव, विम्याचं कार्ड सगळं नंतर. तिथली पहिली शिकवण अशी की जो ओरडतोय त्याला दम आहे, म्हणून कोपऱ्यात गप्प बसलेल्याकडे आधी जायचं. नातेवाइकांना हे पटत नाही. आमच्या माणसाला सोडून त्या चालत आलेल्या माणसाकडे कशाला पळता, म्हणून मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

आमच्या भागात बोटं फार जायची. प्रेसखाली, कटरखाली. एकदा चाकणकडच्या एका कारखान्यातून तीन कामगार एकाला घेऊन आले. त्याचा हात गमछ्यात गुंडाळलेला. मी विचारलं, "तुटलेलं बोट आणलंय का?"

एकजण अभिमानानं पुढे आला. "आणलंय ना, मॅडम. एकदम व्यवस्थित." त्यानं जेवणाचा डबा उघडला. आत तेलात बुडवलेलं बोट.

"हे काय केलंत?"

"रॉकेलनं धुतलं, मग तेलात ठेवलं. खाली पडलेला पार्ट धुऊन, तेल लावूनच ठेवायचा, असं शिकवलंय आम्हाला."

त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणं होतं. शिस्तीत त्याची काहीच चूक नव्हती. बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालायचं आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते बोट काही बसलं नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ही कृती लिहिली आणि त्यांच्या सुपरवायझरच्या हाती दिली. ती हजेरीच्या मशीनशेजारी टांगली गेल्याचं पुढे कळलं. माझं प्रकाशित साहित्य म्हणाल तर तेवढंच.

आयसीयूत गेल्यावर काम उलटं झालं. कॅज्युअल्टीत दहा माणसांना मिळून एक मी होते, इथं माझ्याकडे एक नाहीतर दोन पेशंट. जे काम शरीराला स्वतः जमत नाही ते यंत्रांनी आणि औषधांनी त्याच्या वतीनं करत राहायचं आणि त्याला वेळ मिळवून द्यायचा, हे तिथलं काम. फुप्फुसं दमली तर व्हेंटिलेटर, मूत्रपिंडं दमली तर डायलिसिस. आयसीयू बरं करत नाही, बरं व्हायला अवधी देतं, असं आमचे मोठे डॉक्टर म्हणायचे. तो अवधी मोजायला आकडे लागतात, म्हणून तिथं सगळं आकड्यांत चालतं. सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंट समजून घेताना, पेशंटच्या नावानंतर थेट रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी. मला ते आवडायचं. आकड्याशी हुज्जत घालता येत नाही.

नाना मला तिथं पहिल्यांदा भेटले. खरं तर भेटले असं म्हणणं चूक आहे, कारण त्यांच्या घशात नळी होती. चाकणच्या पलीकडच्या एका गावातले शेतकरी. जमिनीचा बराच भाग कारखान्यांत गेला, मग भोसरीला मेंटेनन्स फिटर म्हणून आयुष्य काढलं. फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जाण्याचा आजार होता, त्यावर न्यूमोनिया झाला. अर्धवट शुद्धीत ते सारखी नळी ओढायला हात नेत. नळी निघाली असती तर काही मिनिटांत खेळ संपला असता. म्हणून मी कापसाची गादी घालून, बँडेजच्या पट्टीनं त्यांची दोन्ही मनगटं कॉटच्या दांड्याला बांधली. चार दिवस. सकाळी पट्टी सोडून मनगटं पुसायची, रक्त फिरतंय का बघायचं आणि पुन्हा बांधायची. "नाना, हात खाली ठेवा," हे वाक्य मी किती वेळा म्हणाले असेन कोण जाणे. नियमाप्रमाणेच केलं सगळं. नानांच्या डोळ्यांकडे बघितल्याचं मात्र मला आठवत नाही.

त्यांचा मुलगा संतोष भेटीच्या वेळेत यायचा. तो चाकणला एका कंपनीत क्वालिटीत होता. आल्याआल्या मॉनिटरचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा आणि मग वडिलांकडे वळायचा. मला तो शहाणा मुलगा वाटायचा. नाना पाचव्या दिवशी नळीवरून सुटले, जनरल वॉर्डात गेले आणि तिथून घरी.

त्यानंतर माझ्या गुडघ्यांनी संप केला. मेट्रननी मला पाठीमागच्या वॉर्डात टाकलं आणि वर म्हणाल्या, "तिथं धावपळ नाही." मला ते मनाला लागलं. एवढी वर्षं झुंजलेल्या बाईला कोपऱ्यात बसवल्यासारखं वाटलं.

पहिल्या आठवड्यात मी काय केलं, तर आयसीयूचाच कारखाना तिथं चालू केला. दर चार तासांनी सगळ्यांचा रक्तदाब. कुणी दुपारी डुलकी घेत असेल तर दंडाला पट्टा आवळून उठवायचं. तिसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टर मॅडमनी, माझ्या मुलीच्या वयाच्या, विचारलं, "सिस्टर, या आजींचा आकडा कळला तर आपण काय वेगळं करणार आहोत?"

मी विचार केला आणि म्हटलं, "काही नाही."

"मग त्यांना झोपू द्या ना."

मला राग आला. पण घरी जाईपर्यंत तो प्रश्न डोक्यात राहिला आणि रागाची हळूहळू उत्सुकता झाली. आकडे नाहीत तर मग इथं बघतात तरी काय? दुसऱ्या दिवसापासून मी नवशिकीसारखी बघायला लागले. ओव्हर देताना इथल्या सिस्टर सांगायच्या की आजींनी दोन घास खाल्ले, पाठीची ठणक सकाळी जास्त असते, लेक शनिवारी येणार आहे म्हणून त्या थांबल्यासारख्या वाटतात. दुखणं कमी करायचं, दम, मळमळ, झोप, भीती यांच्याकडे लक्ष द्यायचं, घरच्यांना शिकवायचं. इथून माणसं घरीही जायची, हे मला नवीन होतं. केमोथेरपी चालू असलेले एक मास्तर फक्त दुखणं आवाक्यात आणायला यायचे आणि परत शिकवायला जायचे. म्हणजे इथं यायला मरायला टेकलेलं असावं लागत नाही. दुखत असलं तरी पुरतं.

आणि मग एका सकाळी स्ट्रेचरवरून नाना आले. वर्ष होऊन गेलं होतं. मी ओळखलं, ते ओळखतील असं वाटलं नव्हतं. ऑक्सिजनची नळी नाकाला लावताना मी सवयीनं म्हणाले, "नाना, हात खाली ठेवा."

त्यांनी डोळे उघडले. "ह्यो आवाज वळखीचा हाय. तुमीच बांधलं व्हतं ना मला?"

"हो."

"गाठ झ्याक व्हती. चार दिस झटलो, सुटली न्हाई. कशी मारता ती?"

मला वाटलं होतं शिव्या देतील. हा माणूस गाठ विचारत होता! दुपारी सगळं शांत झाल्यावर मी बँडेज घेऊन बसले आणि कॉटच्या दांड्यावर ती सरकगाठ दाखवली. पेशंटकडून ओढली तर घट्ट होते, आमच्या बाजूचं टोक ओढलं की चटकन सुटते. नानांनी दम खात खात तीनदा मारून बघितली. तिसऱ्या वेळी जमली.

"ती बांदली म्हनून एक वरीस मिळालं, बरं का सिस्टरबाई. गावातल्या लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. नातीचं बारसं केलं. त्याबद्दल तक्रार न्हाई." जरा थांबून म्हणाले, "पर आता येक सांगा. तवा मशीन दुरुस्त व्हनार व्हती. आता व्हनार हाय का?"

उत्तर त्यांनाही माहीत होतं. डॉक्टर मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. फुप्फुसं आता परत सैल होणार नव्हती. परत नळी घातली तर ती बहुधा निघणार नाही, हेही सांगितलं होतं. नानांनी नळी नको म्हणून सांगितलं, ते फाइलीत लिहिलं गेलं, खाली त्यांची सही. संतोषनं तो कागद वाचून घडी करून परत दिला होता.

"मग मला बांदायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

नानांना उत्सुकता फार. खालची कॅज्युअल्टी काय करते, वरचं आयसीयू काय करतं, सगळं विचारून घ्यायचे. एकदा म्हणाले, "खाली ब्रेकडाऊन. वर ओव्हरहॉल. आन् हितं?"

संतोष कोपऱ्यात उभा होता. तो पटकन म्हणाला, "भंगार. दुसरं काय? भंगारात काढलंय तुम्हाला."

मुलगा रागावलेला होता, आमच्यावर आणि त्या कागदावर. पण नाना हसले. "आरं, जुनी लेथ मशीन असती बघ, तिला आता खोलायची नसती. खोलली तर जुळनार न्हाई. मग तिला तेल घालायचं, जास्त लोड द्यायचा न्हाई, चालंल तंवर नीट चालू द्यायची. ते सगळ्यात जिकिरीचं काम. नवा फिटर करू शकत न्हाई ते."

पाठीमागच्या वॉर्डाचं याहून चांगलं वर्णन मी नंतर कुठं ऐकलं नाही. संतोषला ते पटलं नव्हतं. आमच्याकडे मॉनिटर नाही म्हटल्यावर त्यानं बाहेरून बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा विकत आणला होता. नानांच्या बोटाला तो दिवसभर असायचा. आकडा जरा उतरला की, "मॅडम, एट्टी सिक्स!" म्हणून तो धावत यायचा. मी त्याला हसत होते. हसायचा मला काही अधिकार नव्हता, हे पुढच्याच सोमवारी कळलं.

दुपारचे दोन वाजले होते, ओव्हर चालू होती. नानांना जोराचा दम लागला. कपाळाला घाम, ओठ निळसर, मानेचे स्नायू ओढलेले. चिमटा केकाटत होता. संतोष ओरडला, "मॅडम, काहीतरी करा!"

फाइलीत कागद होता, मला तो माहीत होता, मी शब्द दिला होता. दम लागला तर काय द्यायचं ते डॉक्टर मॅडमनी औषधाच्या कागदावर लिहून ठेवलं होतं. यातलं काहीही मला त्या क्षणी आठवलं नाही. इतक्या वर्षांची सवय. मी फोन उचलला आणि आयसीयूचा नंबर फिरवला. चार मिनिटांत ट्रॉली दारात. दोन तरुण डॉक्टर, मास्क, नळ्यांचा डबा. मी स्वतः कॉटचे ब्रेक काढायला वाकले. "घ्या, लवकर घ्या," संतोष म्हणत होता.

नानांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात उचलले, मनगटं एकमेकांना चिकटवली आणि माझ्यापुढे धरली.

बेड्या घालून घ्यायला धरतात तशी. बांधा, म्हणून.

मी आयुष्यात पुष्कळ काही बघितलंय, पण त्या मनगटांइतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही. मी सरळ उभी राहिले आणि त्या डॉक्टरांना म्हटलं, "चूक माझी. परत जा. पेशंटनं लिहून दिलंय." फाइल उघडून दाखवली. ते वाचून थांबले.

"मॅडम, वेड लागलंय का? ते मरतील!" संतोषचा आवाज फाटला.

"संतोष, इकडे ये. हा पंखा धर." मी त्याच्या हातात लहान पंखा दिला. "यांच्या तोंडावर वारा घाल. जोरात नको." पलंगाचं डोकं उंच केलं, खिडकी उघडली आणि लिहून ठेवलेला मॉर्फिनचा लहान डोस दिला. लोकांना वाटतं हे शेवटचं इंजेक्शन. तसं नाही. मोजून, थोड्या मात्रेत दिलं की श्वास कोंडल्याची जी घबराट असते ती त्यानं उतरते. मी नानांचा हात हातात घेऊन शेजारी बसले, कारण करण्यासारखं तेवढंच उरलं होतं आणि तेच करायचं होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी नानांचे खांदे खाली आले. कपाळावरची आठी गेली. संतोषनं चिमट्याकडे बघितलं, मग वडिलांकडे, मग परत चिमट्याकडे. "आकडा तर तेवढाच आहे," तो पुटपुटला.

"हो."

"पण त्यांना बरं वाटतंय."

"हो," मी म्हटलं. इतकी वर्षं मलाही हे माहीत नव्हतं, ते त्याला सांगितलं नाही.

मी डॉक्टर मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "सिस्टर, तो नंबर बोटांतून जायला वेळ लागतो." पण नानांची माफी मी मागितलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याजवळ गेले, "नाना, काल मी शब्द मोडला."

"मोडला कुठं? मोडता मोडता धरलात." त्यांनी बोटाचा चिमटा काढला आणि शेजारी पेंगत असलेल्या संतोषच्या बोटाला लावला. ठोके एकशे अठरा. नानांनी मला आकडा दाखवला. "बगा. माझं ऱ्हाऊ द्या, ह्याला ॲडमिट करा."

संतोष दचकून जागा झाला, बोटाकडे बघितलं आणि आधी हसला आणि मग बापाच्या पांघरुणात तोंड खुपसून रडला. त्यानंतर तो चिमटा मला दिसला नाही. खिशात ठेवला असेल. पुढचे दिवस तो वडिलांशी मोटारींबद्दल बोलत बसायचा. कुठल्या विहिरीवरच्या मोटारीला काय खोड आहे, हे नाना सांगायचे आणि तो एका वहीत लिहून घ्यायचा.

शनिवारी सकाळी, नाश्त्याची गाडी वॉर्डातून परत जात असताना, नाना गेले. श्वास लांब लांब होत थांबला. सुनेनं ओठांना पाणी लावलं होतं, संतोषनं हात धरला होता. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आता काय करायचं, मॅडम?"

खालच्या वॉर्डात असते तर मी छाती दाबायला धावले असते, वरच्या वॉर्डात पडदा ओढून यंत्रं बंद केली असती. "काही नाही," मी म्हटलं. "बसून राहा. घाई नाही." आम्ही तिघं बसून राहिलो.

मग माझं काम सुरू झालं. पुढे अंग ताठ व्हायच्या आत देह नीट करायचा असतो. डोळे मिटायचे, अंग पुसायचं, हनुवटी पट्टीनं बांधायची, पायांचे अंगठे एकत्र बांधायचे, हात छातीवर घेऊन मनगटं बांधायची. शिकाऊ असताना पाठ केलेला क्रम, तो मी कधी चुकवला नव्हता. नवीन सिस्टर शेजारी उभी होती, एकेक पट्टी कापून देत होती. मी हनुवटी बांधली. अंगठे बांधले.

तिनं तिसरी पट्टी पुढे केली. "सिस्टर, हात राहिले."

"राहू दे," मी म्हटलं आणि नानांचे दोन्ही हात अंगाशेजारी मोकळे ठेवले.